टेबलावरचा अर्धा मिलिमीटर

माझे सासरे आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आले ते आमच्या मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला. कारखाना हा शब्द तसा मोठा आहे. सांगलीत गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याच्या गाळ्यांची एक ओळ आहे, तिच्यातला शेवटून दुसरा गाळा आमचा. एका अंगाला पंक्चर काढणारा, दुसऱ्या अंगाला बेदाण्याचे रिकामे बॉक्स रचून ठेवलेलं गोदाम. आत एक कटिंग मशिन, एक ड्रिल, पॉलिशसाठी पडदा लावून केलेला कोपरा आणि मधोमध मी माझ्या हातानं बनवलेलं राउटर टेबल.

राउटर म्हणजे जोरात फिरणाऱ्या कटरचं हातात धरायचं मशिन. ते उलटं करून टेबलाखाली टांगायचं, टेबलात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटच्या भोकातून कटर तेवढा वर काढायचा आणि लाकूड त्याच्यावरून उजवीकडून डावीकडं सरकवत न्यायचं. खाच पाडणं, कडेला गोलाई देणं, दाराच्या चौकटीचे सांधे करणं, आमचं सगळं नाजूक काम त्या टेबलावर व्हायचं.

सासऱ्यांनी गाळ्यात पाऊल टाकल्यावर चहा नको म्हणून सांगितलं आणि पिशवीतनं कापडात गुंडाळलेली दोन फुटी पोलादी पट्टी काढली. ते साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर स्क्रेपिंगला होते. मोठ्या मशिनांचा लोखंडी बेड हातातल्या हत्यारानं खरवडून सपाट करायचा, हे त्यांचं काम. निळा रंग लावून सपाट ठोकळा फिरवायचा, जिथं निळं लागेल तिथं उंच, तेवढंच खरवडायचं, पुन्हा निळं लावायचं. एका बेडला महिना महिना लागायचा. त्यांच्या उजव्या तळव्याला, हत्यार टेकायचं त्या जागी, रुपयाएवढा गट्टा होता.

त्यांनी पट्टी टेबलावर उभी धरली, आडवी धरली, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. मोबाइलची बॅटरी लावून मागून उजेड टाकला. पट्टीच्या दोन्ही टोकांना काळोख आणि मधे, प्लेटच्या जागी, उजेडाची रेघ. मग त्यांनी फिलर गेज काढलं. वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पत्र्यांची ती जुडी असते. एकेक पत्रा फटीत सरकवत गेले आणि म्हणाले, मधे अर्धा मिलिमीटर बसलंय.

मला ते आधीच माहीत होतं असं नाही, पण नवलही वाटलं नाही. आदल्या वर्षी पुराचं पाणी गाळ्यात चार दिवस होतं. टेबलाचा माथा प्लायचा, तो पाणी प्यायला. मी तो उन्हात वाळवला, दगड ठेवून दाबला आणि परत बसवला. त्यात चार-साडेचार किलोचं मशिन मधोमध लटकलेलं.

"मामा, लाकूड हाय, सोनं न्हाई," मी म्हणालो. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. "लाकडाला येवढं खपतं."

सोन्याचं नाव मी उगाच घेतलं नव्हतं. माझं गाव विट्याकडचं. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी मेंढरं मोडून शेती धरली आणि माझ्या वयाची निम्मी पोरं सोनं गाळायच्या दुकानांत लांब लांब गेली. मीही दहावीनंतर एक वर्ष चुलतभावाच्या दुकानात काढलं. तिथं भट्टीची राखसुद्धा जपून ठेवायची, फरशी पुसलेलं पाणीसुद्धा आटवायचं. ॲसिडच्या धुरानं मला खोकला धरला म्हणून मी परत आलो आणि पुण्याला, स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. लाकूड मी तिथं शिकलो. सुताराच्या घरातला नसल्यामुळं मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. तिथली मशिनं बाहेरनंच तपासून आलेली असायची, माणसानं बटण दाबायचं. टेबल सपाट आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि लाकडाचं मला जे पहिल्यापासून आवडलं ते हेच, की त्यात सोन्यासारखा जीव टांगणीला लागत नाही.

सासरे "बरं" म्हणाले आणि पट्टी कापडात गुंडाळली. जावयाला एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची आमच्याकडं रीत नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांना पटलं.

माझी बायको दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती.

तिचं सांगायला पाहिजे. ती साताऱ्याची, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. लग्नानंतर ती गाळ्यात यायला लागली ती सुरुवातीला पॉलिश पेपर मारायला. मग एकदा मी गिऱ्हाइकासाठी कागदावर काढलेलं कपाट तिनं बघितलं, हसली आणि रात्रीचा स्वयंपाक व्हायच्या आत नीट मापात काढून दिलं. पुढं कामाची चित्रं तीच काढायला लागली. घरात मांडायचे लाकडी देव्हारे करायची कल्पना तिचीच. बारीक खांब, जाळी आणि पुढं दोन छोटी दारं. मी कपाटं करत होतो, ती देव्हारे. राउटरवर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालायचा, कारण मी लाकूड ढकलायचो आणि ती ते जाऊ द्यायची. ओळीतले लोक काहीबाही बोलायचे, बाई मशिन चालवते म्हणून. तिनं कधी तिकडं बघितलं नाही.

वडील साताऱ्याला परत गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की अण्णा उगाच बोलत नाहीत. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत देव्हाऱ्याच्या दारांची कुरकुर सुरू झाली. दार फरशीवर ठेवलं की एक कोपरा टकटक वाजायचा. जोडताना मी ते शिकंज्यात आवळायचो, फट राहिली की लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचो. वरनं पॉलिश मारलं की दिसत नव्हतं. तिला ते आवडत नव्हतं. एक दिवस तिनं खाच पाडलेली दहा-बारा लाकडं ओळीनं लावली आणि मला बोलावलं. खाच दोन्ही टोकांना खोल जात होती आणि मधे उथळ राहत होती. लाकूड खोलग्यावर पुलासारखं टेकायचं तेव्हा कटरपासून वर राहायचं आणि टोक आलं की खोलग्यात बसायचं. अण्णा म्हणत होते ते हेच, असं ती म्हणाली.

मी प्लेट उचलली आणि खाली आमच्या गाळ्याची व्हिजिटिंग कार्डं सरकवली. नाव-पत्ता छापलेली, जाड कागदाची. वर चिकटपट्टीचे दोन थर. मधला भाग थोडा वर आला आणि दारं जरा बरी निघायला लागली. पण प्लेट ज्या खाचेत बसते त्या खाचेची डावी कड पाण्यानं फुगलेली होती. ती प्लेटपेक्षा उंचच राहिली. फार नाही. डोळ्याला दिसत नव्हती, पण लाकडाचं टोक कटरवरून पुढं गेलं की त्या कडेला जाऊन थबकायचं.

आठवड्याभरानं तिनं पुन्हा सांगितलं. "आवं, डाव्या कडंला अडकतंय. जोर लावावा लागतोय मला."

मी म्हणालो, एवढी ऑर्डर होऊ दे, मग माथाच नवा करू.

ऑर्डर होती साताऱ्याच्या एका दुकानदाराची, अकरा देव्हारे. अक्षय्य तृतीयेला घरभरण्या असतात, त्याच्या आत पाहिजे होते. नवा माथा करायचा तर टेबल चार दिवस बंद ठेवावं लागलं असतं. चार दिवस. मी नंतर हे चार दिवस पुष्कळदा मोजले आहेत.

त्या दिवशी सकाळी लाइट गेली होती ती दुपारी तीनला आली. पत्रा तापलेला. ती शेवटच्या दारांचे तुकडे करत होती, वीतभरसुद्धा नसतील एवढे. मी तिच्याकडं पाठ करून देव्हाऱ्यांना मागचा प्लाय ठोकत होतो. राउटरचा आवाज कानाला इतका सवयीचा असतो की तो ऐकू येत नाही, बदलला तरच ऐकू येतो. तो क्षणभर जड झाला, मग टक्‌ असं काहीतरी वाजलं, मग पुन्हा हलका झाला आणि बंद पडला. मला वाटलं, लाइट गेली परत.

"आवं, जरा इकडं या," ती म्हणाली.

नेहमीच्या आवाजात. मी हातातला खिळा ठोकून मग वळलो. उजवा हात डाव्या हातात धरून तिनं छातीशी दाबला होता आणि ओढणी लाल होत चालली होती. बटण तिनं स्वतः डाव्या हातानं बंद केलं होतं, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पंक्चरवाल्यानं रिक्षा थांबवली. तिला रिक्षात बसवल्यावर मी परत आत पळालो आणि टेबलाखालच्या भुशात हात घातला. तुटलेली बोटं घेऊन गेलं तर जोडतात, असं कुठंतरी ऐकलं होतं. भुशात घेऊन जाण्यासारखं काही नव्हतं. मी मुठीत ओला भुसा घेऊन बाहेर आलो आणि रस्त्यावर तसाच उभा राहिलो. पंक्चरवाल्यानं माझी मूठ उघडली, झटकली आणि मला रिक्षात ढकललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तासाभरानं मला आत बोलावलं. तरणे होते, सरळ बोलणारे. कोयत्यानं तुटलं असतं तर प्रयत्न केला असता म्हणाले, हे तुटलेलं नाही, कुरतडलेलं आहे. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट मधल्या पेरापर्यंत गेलं, मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. बाकीचा हात वाचेल.

बाहेर एक बाई कागद भरून घेत होत्या. कसं झालं, त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "काम करताना हात घसरला तिचा."

बायको शेजारीच स्ट्रेचरवर होती. जागी होती. छताकडं बघत होती.

तेच मी गावाला आईला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. एकदा तोंडातनं गेलं की पुढच्या वेळी ते आणखी सोपं जातं. सांगता सांगता मी त्यात भर घालायला लागलो. ऊन फार होतं, तिला चक्कर आली असेल, सकाळपासून नीट जेवली नव्हती. सासऱ्यांना फोन केला तेव्हाही हेच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, कुठला हात. मी म्हणालो, उजवा. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं आले. दवाखान्याच्या दारात मी त्यांना बघितलं तेव्हा खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतनं त्या कापडात गुंडाळलेल्या पट्टीचं टोक बाहेर आलेलं होतं.

ते लेकीच्या उशाशी बसले. तिचा डावा हात हातात घेतला, मोसंबी सोलून एकेक फोड भरवली. मशिनचा विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. मी खोलीच्या दाराशी उभा होतो आणि मला कुणी बस म्हणालं नाही. दुपारी ती झोपल्यावर ते उठले आणि माझ्याकडं गाळ्याची किल्ली मागितली. मी म्हणालो, मीही येतो.

गाळा जसाच्या तसा होता. मी काही आवरलं नव्हतं. प्लेटवर, लाकूड टेकवायच्या गाइडच्या पट्टीवर, तुकड्यांवर सगळीकडं रक्त वाळून काळं झालेलं होतं. त्यांनी पाणी मागितलं. मी बादली आणली आणि मी पुसतो म्हणालो, पण त्यांनी ते ऐकलं नाही. स्वतः फडकं भिजवलं, प्लेट पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली. पाणी बदलायला ते दोनदा बाहेर गेले.

मग पट्टी काढली. उभी, आडवी, तिरकी. प्रत्येक ठिकाणी पत्रा सरकवून बघायचे आणि तिथंच टेबलावर पेन्सिलीनं आकडा लिहायचे. माथाभर आकडे झाले. शेवटी त्यांनी बोटाचं नख प्लेटवर टेकवलं आणि उजवीकडून डावीकडं, लाकूड जातं तसं, सावकाश ओढत नेलं. प्लेट संपते तिथं नख अडलं. त्यांनी ते तीनदा केलं. तीनही वेळा तिथंच अडलं.

प्लेट उचलून त्यांनी खालची कार्डं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. पाच होती. चिकटपट्टीचे तुकडे त्यांच्या शेजारी. कार्डांवर आम्हा दोघांची नावं होती.

"पावणं," ते म्हणाले, "तिचा हात घसरला न्हाई. लाकूड अडकलं, तिनं रेटलं, लाकूड उडालं आन्‌ हात पुढं गेला."

त्यांनी एक कार्ड उचलून माझ्यापुढं धरलं.

"तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो. "तिनं दोनदा सांगितलं हुतं."

त्यांनी मान हलवली. ते चिडले असते, माझ्या थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं. ते स्टुलावर बसले, कार्डं गोळा करून त्यांची गड्डी केली, पुन्हा पसरली.

"मी बी एकदाच सांगितलं," ते म्हणाले. "जावई हाय म्हणून गप बसलो. दुसऱ्यांदा सांगाय पायजे व्हतं मी."

इतका वेळ त्यांच्यासमोर उभं राहणं मला जड जात होतं. त्यानंतर गाळ्यात थांबणंच अशक्य झालं. मी बाहेर येऊन पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसलो. त्यानं विचारलं, वहिनींचे वडील काय म्हणतात. मी सांगितलं, टेबल बघतायत.

संध्याकाळी दवाखान्यात परत गेल्यावर मी बायकोला सांगितलं, की मामांना खरं सांगितलं. हात घसरला नव्हता म्हणून सांगितलं.

"वाट बघत व्हते मी," ती म्हणाली, "तुमी कवा सांगताय त्याची."

मी विचारलं, तू का नाही सांगितलंस? माझ्यादेखत, त्या बाईंना, कुणालाही.

ती म्हणाली, तिनं सांगितलं असतं तर ते तिचं गाऱ्हाणं झालं असतं. मग म्हणाली, आता ज्याला ज्याला सांगितलंय त्याला त्याला परत फोन करा. मी तिच्या समोर बसून फोन केले. आईला, दुकानदाराला, शेजाऱ्यांना. प्रत्येकाला सांगितलं, की मशिन खराब होतं, मला माहीत होतं, मी दुरुस्त केलं नाही. आई म्हणाली, झालं ते झालं, आता कशाला उगाळतोस. बायको डोळे मिटून ऐकत होती. शेवटचा फोन झाल्यावर तिनं पाणी मागितलं.

घरी आल्यावरचे दिवस सांगायला फार काही नाही, सगळं बारीकसारीक आहे. तिला पेन्सिल धरता येईना. चपाती लाटता यायची, पण पिठाचा गोळा तोडताना मधलं बोट ठणकायचं. नसलेल्या बोटाला खाज सुटायची, मग ती डाव्या हातानं हवेतच खाजवायला जायची आणि मधेच थांबायची. मुलीच्या वेण्या घालायला मी शिकलो. पहिले पंधरा दिवस मुलगी शाळेत वाकड्या वेण्या घालून गेली. रेशनच्या दुकानात मशिनवर बोट ठेवायचं असतं. तिच्या नावाला उजव्या हाताचं पहिलंच बोट नेहमी लागायचं. दुकानदार म्हणाला, दुसरं कुठलं लावा, आणि रांगेतल्या बाया तिच्या हाताकडं बघत राहिल्या. तिनं एकामागून एक चार बोटं लावून बघितली तेव्हा डाव्या करंगळीशेजारचं लागलं. घरी येताना ती म्हणाली, पुढच्या महिन्यापासून रेशनला तुम्ही जा.

ती माझ्याशी भांडली नाही. मला वाटायचं एकदा भांडावं. ती कामापुरतं बोलायची आणि मी काही सांगितलं, की गॅस बंद केलाय, दाराला कडी घातलीय, औषधं आणलीत, तर उठून स्वतः बघून यायची. पहिल्यांदा मला राग आला. मग माझ्या लक्षात आलं, की तिला माझ्या शब्दावर विसंबता येत नाही आणि त्यात तिचा काही दोष नाही.

चार महिन्यांनी तिनंच विचारलं, टेबलाचं काय केलं. मी ते तोडून गाळ्याच्या मागं टाकलं होतं. नवं कसं करू, मी तिला विचारलं. ती म्हणाली, मला विचारू नका, अण्णांना विचारा.

फोन करायला मला दोन दिवस लागले. सासरे ठीक आहे म्हणाले आणि त्या रविवारी आले. त्यांच्या एका नातेवाइकांकडं मिरजेला उतरले, आमच्या घरी नाही. दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून टेबल केलं आणि त्या दोन दिवसांत ते माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. पण कामाचं जे बोलले ते सगळं माझ्या डोक्यात कोरलं गेलंय.

माथा एकाच थराचा नको म्हणाले, दोन थर चिकटवून घ्यायचा आणि चिकटवताना सपाट जागेवर ठेवायचा, कारण खालची जागा जशी तसा तो वाळतो. खाली लोखंडी अँगलची चौकट, मशिनचं वजन माथ्यावर नाही तर चौकटीवर यायला पाहिजे. माथ्याच्या सगळ्या कडा आणि खालचं पोट पॉलिशनं बंद करायचं, म्हणजे तो पावसाळ्यात ओल प्यायला नको. प्लेटच्या कोपऱ्यांखाली स्क्रू, वर-खाली करायला. कार्ड नाही, चिकटपट्टी नाही.

मी त्यांना विचारलं, नेमकं किती सपाट पाहिजे. मला वाटलं, ते त्यांच्या कारखान्यातला आकडा सांगतील, डोक्याच्या केसाच्या दहाव्या भागाचा. तसं त्यांनी सांगितलं नाही. लोखंडाचं माप लाकडाला लावायचं नाही म्हणाले, लाकूड सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं. तुमचं लाकूड ज्या लांबीचं, तेवढ्या लांबीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत राहिलं तर सांधा बसतो. चुकायचंच असेल तर मध्य केसभर उंच राहू द्या, खोल नको, म्हणजे लाकूड कटरजवळ टेकलेलं राहतं. आणि प्लेटच्या कडेला आकडा बघायचाच नाही.

"तिथं नख अडाय नगं," ते म्हणाले. "अडलं तर मशिन लावायचं न्हाई. काय बी काम असूं दे."

दुपारी आमच्या घरनं मी डबा आणला होता. बायकोनं डाव्या हातानं भाकरी थापल्या होत्या, जाड आणि कडेला चिरलेल्या. त्यातल्या दोन भाकरी त्यांनी कागदात वेगळ्या बांधून पिशवीत ठेवल्या, लेकीच्या हातच्या म्हणून. जेवायला मात्र त्यांनी मिरजेहून आणलेली शिदोरी सोडली आणि पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. मी गाळ्यात एकटा जेवलो. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

जाताना त्यांनी मला नमस्कार केला. आधी करायचे त्यापेक्षा जास्त वाकून केला. अजूनही ते मला तसंच, फार मानानं, पावणं म्हणतात. सणाला बोलावतात, टॉवेल-टोपी देतात. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडं काही उरलेलं नाही.

ती त्या टेबलाशी पहिल्यांदा आली ती दसऱ्यानंतर. डाव्या हाताचा तळवा तिनं माथ्यावरून फिरवला, मग नख ओढून बघितलं. अडलं नाही. तिनं एक लांब लाकूड घेतलं, ढकलायचा ठोकळा घेतला, बटण दाबलं. कटर फिरायला लागला आणि ती तशीच उभी राहिली. लाकूड पुढं गेलंच नाही. मिनिटभरानं तिनं बटण बंद केलं आणि आज नको म्हणाली. असं चार-पाच वेळा झालं असेल. शेवटी तिनं मला कारण सांगितलं, रागानं नाही, अगदी साधेपणानं. मी तिच्यासमोर उभा राहतो म्हणून तिला जमत नाही. माझ्याकडं बघितलं की तिला वाटतं, अजून काहीतरी असेल जे मला माहीत आहे आणि मी सांगितलेलं नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. ती डाव्या हातानं चित्रं काढते, हळू काढते पण बरी येतात. छोट्या दारांचे देव्हारे आम्ही बंद केले. उघडे देव्हारे करतो, त्यांचे तुकडे लांब असतात. दर सोमवारी ती वडिलांनी दिलेली पट्टी आणि फिलर गेज घेऊन टेबल तपासते आणि मला त्यात हात घालू देत नाही. तिला राउटर लावायचा असला की माझ्याकडं एकदा बघते. मी हातातलं काम खाली ठेवतो आणि बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो, आवाज थांबेपर्यंत.